बिलंगराला विज्ञान पोचलं

बिलंगरा, १८ फेब्रुवारी २०२४

प्रिय शैलू,

'ताई, पाच मिनिटांत कॉल करतो' हे वाक्य मी तुझ्या तोंडून गेल्या महिन्यात इतक्यांदा ऐकलं, की ती पाच मिनिटं तुमच्या सिडनीच्या कॅसल हिलमध्ये अजून कुठेतरी चालू असावीत अशी माझी खात्री झाली आहे. म्हणून सरळ लिहायला बसले. ई-मेलला मीटिंग आडवी येत नाही.

बिलंगरा सिडनीपासून दिवसभराच्या रस्त्यावर आहे. एक पेट्रोल पंप, एक पब, एक खाटीक आणि एक शाळा. बालवाडीपासून बारावीपर्यंतची सगळी मुलं एका बसमध्ये मावतील आणि वर खिडकीची जागा कोणाची यावर भांडतीलही. सायन्स रूम आहे. तिच्यात गॅस नाही, नळ आहे पण पाणी लाल येतं, आणि एक सांगाडा आहे ज्याचा उजवा हात कोणीतरी घरी नेला आहे. माझ्या आधी खेळाचे सर विज्ञान शिकवत. मुलांना मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे आणि मग नाडी मोजायला सांगायचे. थट्टा करत नाहीये. तेवढं विज्ञान त्या माणसाने प्रामाणिकपणे शिकवलं.

गेल्या आठवड्यात मी खाटकाकडून मेंढीचे डोळे मागून आणले आणि दहावीच्या वर्गाला कापायला दिले. (मावशीला सांगू नकोस. तिच्या मते मी अजून शाकाहारी विषय शिकवते.) डोळ्याच्या आत भिंग असतं, काचेच्या गोटीसारखं. टालिया नावाच्या मुलीने ते काढून पेपरवर ठेवलं, तर खालची अक्षरं मोठी दिसायला लागली. तिचे वडील गावोगावच्या फार्मवर मेंढ्यांची लोकर उतरवायला जातात, म्हणजे मेंढी तिने जन्मापासून पाहिली आहे. ती ते भिंग ओळीवरून सरकवत बाजारभावाचा सगळा रकाना वाचत गेली. मग म्हणाली, "मिस, हे सगळ्या मेंढ्यांना असतं?" म्हटलं, "तुलाही आहे." त्यावर ती जी पुढे सरकून बसली ना शैलू, ते बघायला मी नाशिकचं कॉलेज सोडून इथवर आले असं मला वाटलं.

टालिया पुढच्या वर्षी अकरावीला केमिस्ट्री घेईन म्हणते. शिकवायला माणूस असला तर. माझी जागा तात्पुरती आहे; ठेवायची की काढायची ते प्रादेशिक ऑफिस वर्षअखेरीला ठरवणार.

आता काम. मला चार-पाच जुने मायक्रोस्कोप हवेत. शुभदाच्या वेस्टमीड हॉस्पिटलच्या लॅबने टाकून दिलेले चालतील. अट एकच, ते इथेच राहिले पाहिजेत. तुटले तर तुटू देत. पोरांनी हाताळून मोडलेला मायक्रोस्कोप कपाटातल्या नव्याकोऱ्यापेक्षा जास्त कामाचा असतो.

शुभदाला आणि वरुणला आठवण सांग.

तुझी मयूताई

*

कॅसल हिल, ३ मार्च २०२४

प्रिय मयूताई,

काय भारी ई-मेल! मी तो तसाच्या तसा आमच्या मराठी मंडळाच्या कमिटीला फॉरवर्ड केला (मेंढीचे डोळे काढून). सगळे एकदम इमोशनल झाले. चित्रलेखा तर म्हणाली, "शैलेंद्र, आपण इथे दर वर्षी नाटकं आणि भोंडले करतो, पण समाजाला परत काय देतो?" आणि ताई, त्याच मीटिंगमध्ये आयडिया आली.

मायक्रोस्कोप ही फारच छोटी गोष्ट आहे गं. स्केलचा विचार कर. आम्ही अख्खी व्हॅन आणतोय! नाव ठरलंय 'विज्ञानरथ'. विवेकने कॅम्पिंगसाठी मोठी व्हॅन घेतली आहे, तीच. चित्रलेखा लोगो करतेय: अणू, त्याभोवती फिरणारे इलेक्ट्रॉन, मध्ये गणपती. मध्ये गणपती हवा की न्यूक्लियस यावर दोन मीटिंगा झाल्या. शेवटी गणपतीच न्यूक्लियस आहे असं ठरलं. टी-शर्ट छापायला गेले.

बेस्ट पार्ट म्हणजे मेंटर आपली पोरं! वरुण, चित्रलेखाचा धवल आणि अजून काही जण. मुलं मुलांना शिकवणार. पुढच्या वर्षी स्कॉलरशिपच्या ॲप्लिकेशनला लीडरशिप लागतेच, आणि त्यात रूरल असेल तर विचारूच नकोस. विन-विन आहे.

जूनच्या लाँग वीकेंडला येतो. सगळ्यांना तेच सोयीचं, लीव्ह टाकावी लागत नाही. तू फक्त मुलं गोळा कर.

ता. क. शुभदा म्हणते लॅबचे जुने मायक्रोस्कोप मिळतील. आणतोच.

तुझा शैलू

*

बिलंगरा, १७ जून २०२४

प्रिय शैलू,

तुम्ही सुखरूप पोचलात हे फोटोंच्या महापुरावरून कळलं. फोटो छान आलेत. एका फोटोत मीसुद्धा आहे, अर्धी. उरलेल्या अर्ध्यावर बॅनर आहे.

लाँग वीकेंडला शाळेला सुट्टी असते, हे मी मार्चमध्येच कळवलं होतं. तू लिहिलंस, 'नो वरीज, मॅनेज करू.' केलं मॅनेज. मी केलं. शनिवारी इथे फुटीचा, म्हणजे इथल्या फुटबॉलचा, सामना असतो आणि गावात त्या दिवशी देवही मैदानावर असतो. तरी मी गाडी घेऊन फार्माफार्मांवर फिरले, आयांच्या हातापाया पडून पोरं आणली. टालिया तर धाकट्या दोन भावांना घेऊन आली, कारण घरी कोणी नव्हतं.

मग रथ आला. तुमचा ज्वालामुखी छान उडाला. तो हिरवा चिकट गोळाही आवडला पोरांना. डोळ्यांवर चढवायचे ते व्हीआर गॉगल दोनच होते, ते तुमच्याच मुलांनी चढवले आणि काय दिसतंय ते माझ्या मुलांना सांगितलं. मंगळ दिसत होता म्हणे. बिलंगराच्या पोरांना तांबडी, ओसाड जमीन बघायला गॉगल कशाला लागतो, हा माझा कोतेपणा समज.

पण मायक्रोस्कोपच्या टेबलापाशी मी उभी होते म्हणून लिहिते. धवलने स्लाइड लावली, फोकस केला. टालियाने विचारलं, "कॅन आय हॅव अ गो?" धवल चांगला मुलगा आहे, बाजूला झाला. तिने नॉबला हात लावला आणि मागून चित्रलेखा मोबाइल धरून ओरडली, "डोंट टच, स्वीटी, जस्ट लुक! फोकस जाईल!" मी म्हटलं, "जाऊ दे की. परत आणेल ती." तर विवेक मला हळूच बाजूला घेऊन म्हणाला, "मयूताई, पब्लिक लायबिलिटी आहे. इन्शुरन्समध्ये मुलांचे हात कव्हर होत नाहीत."

टी-शर्टच्या पाठीवर तुम्ही सगळ्यांनी 'हँड्स-ऑन' छापलं होतं.

आणि जाताना मायक्रोस्कोप परत व्हॅनमध्ये गेले. "पुढच्या शाळेला लागतील ना," म्हणालास. कुठली पुढची शाळा, शैलू?

असो. तुम्ही इतक्या लांब आलात, चहा करायची संधी दिलीत, मुलांनी दुपारभर दंगा केला. आता माझं दुसरं काम ऐक, आणि ते व्हॅनपेक्षा सोपं आहे. माझ्या जागेचा निर्णय प्रादेशिक ऑफिसातल्या ग्लेनिस नावाच्या बाई घेणार आहेत. बाई सरळ आहे. जे सांगाल ते लिहून घेते, आणि लिहिलेलं खरं मानते. तिला मंडळातर्फे एक पत्र पाठव, की आम्ही ही शाळा पाहिली, इथे विज्ञानाचा शिक्षक हवाच. बाहेरच्या माणसाचं ऐकतात ते.

ही जागा राहिली तर फेब्रुवारीत अकरावीची केमिस्ट्री सुरू होईल. गेली तर नाही. दुसरं काही नाही या सगळ्यात.

मयूताई

*

कॅसल हिल, ३० जून २०२४

प्रिय मयूताई,

तुझा ई-मेल वाचून थोडं वाईट वाटलं, खरं सांगतो. लोकांनी आपला वीकेंड दिला गं. पेट्रोल खिशातून घातलं. विवेकची व्हॅन अजून लाल धुळीने भरली आहे, त्याची बायको त्याच्याशी बोलत नाही. पहिल्या इव्हेंटला थोड्या गोष्टी होणारच. फीडबॅक नोटेड.

पण तुझ्या कामाचं ऐक, तू खूश होशील! नुसतं पत्र काय लिहायचं? पत्रं कोण वाचतं हल्ली? मी थेट ग्लेनिसबाईंनाच लिंक्डइनवर गाठलं. सप्टेंबरमध्ये त्या कॉन्फरन्सला सिडनीत आहेत, तेव्हा आपल्या गणेशोत्सवाला चीफ गेस्ट म्हणून येतायत! सत्कार करू, शाल, श्रीफळ. (नारळ सुपरमार्केटमधला, बिनशेंडीचा, पण चालतो.) आरतीत उभं करू, मोदक खायला घालू. ताई, रिलेशनशिप बिल्ड झाली की फाइल आपोआप हलते. पुण्यात काय आणि इथे काय, माणूस तोच.

तू येऊ शकलीस तर सोने पे सुहागा.

शैलू

*

बिलंगरा, ७ जुलै २०२४

शैलू,

मला येता येणार नाही, त्या आठवड्यात दहावीची प्रॅक्टिकल्स आहेत.

शाल दे, नारळ दे, मोदक दे. आणि पत्रही दे. दोन वाक्यांचं: आमची व्हॅन एक दुपार आली होती. शिक्षक रोज लागतो.

एवढंच. विशेषणं घालू नकोस.

मयूताई

*

कॅसल हिल, १६ सप्टेंबर २०२४

प्रिय मयूताई,

काय कार्यक्रम झाला म्हणून सांगू! हॉल खचाखच. ढोल-ताशा ऐकून ग्लेनिसबाई आधी दचकल्या, मग टाळ्या वाजवायला लागल्या. शाल त्यांनी शेवटपर्यंत अंगावर ठेवली. नारळ मात्र हातात घेऊन विचारत होत्या, "व्हॉट डू आय डू विथ इट, मेट?" धवलने सांगितलं, "यू जस्ट होल्ड इट, मिस." आम्ही सगळे हसून हसून मेलो.

अध्यक्ष म्हणून प्रास्ताविक मीच केलं, खास त्यांच्यासाठी इंग्लिशमध्ये. व्हॅनचे फोटो मागे स्क्रीनवर चालू. बिलंगराचं नाव घेतलं तेव्हा काय टाळ्या पडल्या! आणि ताई, बाई चक्क वहीत नोट्स काढत होत्या. आजवर इतके पाहुणे बोलावले, नोट्स काढणारा पहिलाच. शुभदा म्हणते मी जरा जास्तच बोललो. तिला नेहमीच जास्त वाटतं, तू मनावर घेऊ नकोस.

पत्राची आता काय गरज? समोरासमोर बोललो ना. जाताना माझा हात धरून त्या म्हणाल्या, "यू हॅव मेड माय जॉब सो मच ईझियर."

समज तुझं काम झालं.

शैलू

*

बिलंगरा, २९ नोव्हेंबर २०२४

शैलेंद्र,

काम झालं.

ग्लेनिसबाईंचा निर्णय परवा शाळेत आला. मराठीत सांगते: बिलंगराच्या मुलांची विज्ञानाची गरज सिडनीतल्या एका उत्साही समाजाच्या सहभागातून पूर्णपणे भागत असल्याने इथे विशेष शिक्षकाची जागा पुढे चालू ठेवण्याचं कारण उरलेलं नाही. ही जागा अधिक गरजू शाळेला द्यावी.

मी फोन केला. मला वाटलं कोणीतरी दुसऱ्याच शाळेचा कागद आमच्या नावावर चिकटवला असेल. तर बाई आनंदाने बोलायला लागल्या. "तुमची माणसं किती सुंदर आहेत, मयूरा! त्यांनी स्वतः मला सांगितलं." माझं अभिनंदन करत होत्या. मी म्हटलं, व्हॅन फक्त एकदा आली, तीही सुट्टीच्या दिवशी. मग म्हणाल्या, "पण अध्यक्षांनी तर स्टेजवरून सांगितलं." त्या बाईच्या आवाजात संशय आला, आणि तो तुझ्याबद्दल नव्हता, माझ्याबद्दल होता. त्यांना वाटलं मी नोकरी वाचवायला खोटं बोलते आहे.

तरी शेवटी म्हणाल्या, की मंडळाने स्वतः तसं लिहून दिलं तर मी पुन्हा विचार करीन. ऑफिस वीस डिसेंबरला बंद होतं.

तू तिथे नक्की काय बोललास? आणि काय बोललास ते राहू दे, आता लिही. 'आम्ही उत्साहाच्या भरात जास्त सांगितलं' एवढं लिही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, उलट ती बाई असल्या पत्राने तुझ्या प्रेमात पडेल.

टालियाने विषयांच्या फॉर्ममध्ये केमिस्ट्री पहिल्या नंबरवर लिहिली आहे. तिला अजून मी काही सांगितलेलं नाही.

मयूरा

*

कॅसल हिल, ५ डिसेंबर २०२४

प्रिय मयूताई,

शैलेंद्र 'लिहितो, लिहितो' म्हणतोय. लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यामुळे मीच लिहिते.

तो काय बोलला ते तुम्हाला कळायला हवं. शब्द साधारण असे होते: "सहा महिन्यांपूर्वी बिलंगरात विज्ञान म्हणजे काय हे कोणाला माहीत नव्हतं. आज तिथल्या एकाही मुलाला कशाचीही उणीव नाही. आमचा विज्ञानरथ हीच त्यांची प्रयोगशाळा, आमची मुलं हेच त्यांचे शिक्षक, आणि जोवर हे मंडळ आहे तोवर सरकारने बिलंगराची चिंता सोडून द्यावी." मग हात छातीवर. मग टाळ्या.

तुम्ही म्हणाल, हॉलमध्ये एवढी माणसं होती, कोणी काही बोललं कसं नाही? मयूताई, त्याच तासाभरात चित्रलेखा 'सिडनीची गानकोकिळा' झाली. विवेकने माइकची वायर जोडली, तो 'तंत्रमहर्षी' झाला. आभार मानताना केटरर साक्षात अन्नपूर्णा होता, आणि त्याचे मोदक फुटलेले होते हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. हसलं कोणी नाही, विश्वासही कोणी ठेवला नाही. माइकवर मिळालेलं विशेषण हॉलमध्येच सोडून घरी जायचं असतं हे आपल्याला पाळण्यात शिकवलेलं असतं. भरलेल्या हॉलमध्ये शैलेंद्रचं भाषण एकाच माणसाने खरं मानलं, आणि सही करायचा अधिकार नेमका त्याच माणसाला होता.

मी त्याला दुसऱ्याच दिवशी म्हटलं होतं, बाईंना खुलासा पाठव. तो म्हणाला, "अगं कशाला, निगेटिव्ह वाटतं." मी म्हटलं, मी पाठवते. तर म्हणाला, "तू कोण म्हणून पाठवणार?" खरं आहे. मंडळाच्या लेटरहेडवर मी कुठेच नाही, मी फक्त कार्यक्रमानंतर पातेली मोजते.

तरी तुमचा ई-मेल वाचून मी काल ग्लेनिसबाईंना माझ्या नावाने लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, फार सभ्य. घरातल्या मतभेदांत पडू इच्छित नाही, अध्यक्षांकडून आलं तर जरूर बघेन.

रविवारी कमिटी बसते आहे. मी चहा द्यायच्या निमित्ताने आत राहीन.

तुमची शुभदा

*

कॅसल हिल, १९ डिसेंबर २०२४

प्रिय मयूताई,

उत्तराला उशीर झाला, सॉरी. वर्षअखेरीचं काम तुला माहीत आहे.

कमिटीत दोन तास डिस्कशन झालं. मी पर्सनली पत्र लिहायला तयार होतो, हे तू प्लीज लक्षात घे. पण मी एकटा मंडळ नाही. लोकांचं म्हणणं असं, की आपणच स्टेजवरून बोललेलं आपणच खोटं म्हणायचं तर कम्युनिटीची क्रेडिबिलिटी काय राहिली? उद्या इथे कोणी म्हणेल, हे इंडियन लोक असेच. पोरांनी मेंटरिंगचं ॲप्लिकेशनमध्ये लिहिलंय, धवलचा इंटरव्ह्यू पुढच्या महिन्यात आहे. आणि तुला माहीत नसेल, ग्लेनिसबाईंनी स्वतःच विज्ञानरथाला एका कम्युनिटी अवॉर्डसाठी सुचवलंय. आता त्यांनाच उलटं पत्र पाठवायचं? बाईंचीही ऑकवर्ड पोझिशन होईल. शुभदा मधेच बोलायला लागली, तर विवेक म्हणाला, "वहिनी, साखर जरा कमी आहे." ती ट्रे ठेवून उठून गेली ती आजतागायत माझ्याशी कामापुरतंच बोलते. हे तुमचं दोघींचं ठरलेलं आहे का?

शांतपणे विचार केलास तर नुकसान कोणाचं झालं, सांग. तुला दुसरी शाळा मिळतेच आहे, शुभदा म्हणाली. तुझ्या व्हिसाला काही धक्का नाही, ते मी एजंटला विचारून घेतलं. त्या मुलीला केमिस्ट्री ऑनलाइन घेता येते. वरुणचं निम्मं कोचिंग झूमवर चालतं. आणि आम्ही बिलंगराला वर्षातून दोनदा यायचं ठरवलंय, एकमताने!

तुला मंडळाची मानद शिक्षण सल्लागार करायचाही ठराव पास झाला. फेब्रुवारीत हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात सत्कार ठेवतोय. चित्रलेखा विचारते, शाल कोणत्या रंगाची आणू?

तुझा शैलू

*

२ मार्च २०२५

शैलेंद्र,

गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. बिलंगरापासून तीन तास पुढे आहे, एवढं पुरे. इथे येणाऱ्या रस्त्यावर व्हॅन चालते, म्हणून सावध राहिलेलं बरं.

शाल नको. मानद पदही नको, त्या जागी नारळ ठेवा.

नुकसान कोणाचं झालं, असं विचारलंस. खरंच विचारलंस असं धरून सांगते.

निर्णय मीच टालियाला सांगितला. भांडली नाही, रडली नाही. "ओके, मिस," म्हणाली. मग आम्ही ऑनलाइनचं बघितलं. तासाला व्हिडिओ, शंका आली तर ई-मेल, आणि प्रयोगांसाठी दर टर्मला आठवडाभर दुसऱ्या गावात राहायला जायचं. वडील लोकर उतरवायला महिना महिना बाहेर, आई वृद्धाश्रमात शिफ्टला, घरी दोन लहान भाऊ. आईने मला चहा दिला आणि म्हणाली, "ती हुशार आहे हे मला माहीत आहे हो. पण आठवडाभर ती नसली तर मी कामाला जाऊ कशी?" मी काय सांगणार होते? सिडनीच्या एका उत्साही समाजाला विचारा?

गेल्या शुक्रवारी मी सायन्स रूमच्या किल्ल्या परत द्यायला बिलंगराला गेले. खोलीत आता हॉलच्या जादा खुर्च्या ठेवतात. मुख्याध्यापक म्हणाले, निघण्याआधी आमच्या नव्या कॅन्टीनमध्ये कॉफी घेऊन जा. शाळेने अकरावीला हॉस्पिटॅलिटी सुरू केलं आहे. मोठं इटालियन मशीन आणलंय, आणि पूर्वी पबमध्ये काम करणाऱ्या एक बाई शिकवायला येतात. मशीनमागे टालिया उभी होती. ॲप्रन बांधून, केस वर.

मी विचारलं, "आवडतं?" म्हणाली, "इट्स ऑलराइट." मग थोड्या वेळाने, मी काही विचारलेलं नसताना, दुधाच्या भांड्याला तळहात लावून म्हणाली, "मिस, दूध तापतं तसं गोड होत जातं आणि मग एकदम बिघडतं. बरोबर कुठे, ते मी शोधून काढलं." मी म्हटलं, "का होतं तसं?" तिने माझ्याकडे पाहिलं. पूर्वी या प्रश्नावर ती पुढे सरकून बसायची. "डनो," म्हणाली, "ते आमच्या कोर्सला नाही."

ते मी तिला सांगू शकले असते. पाच मिनिटांचं काम होतं. पण मागे शिक्षकांची रांग लागली होती, आणि तिचं काम माझं उत्तर ऐकत उभं राहण्याचं नव्हतं. ती चटपट कप लावत होती, नावं लिहीत होती, कोणाला साखर किती ते न विचारता घालत होती. फार चांगलं काम करते ती. त्यात मला एकही चूक काढता आली नाही, आणि मी काढायचा प्रयत्न केला, हेही लिहून टाकते.

मी पर्स उघडली तर म्हणाली, "नाही मिस, स्टाफला फ्री आहे." मग तिचं तिलाच लक्षात आलं. तिने मान खाली घालून मशीनची नळी पुसायला घेतली. मी पैसे काउंटरवर ठेवले.

तिने ते घेतले.

मयूरा